शिडी धरणारा केरबा

केरबा गवंड्याविषयी वाईट बोलायला माजी जीभ रेटत न्हाई, आन् चांगलं बोलायची आता इच्छा न्हाई. पर रहिमतपुरात ज्यो त्यो मला गाठून इचारतोय, "चांदभाई, तुमचं न् केरबाचं काय बिनसलं वो?" एकदा सगळं सांगून टाकतो. मंग परत कुणी इचारू नगा.

मी चांदसाहेब मुलाणी, वायरमन. तीस वर्सं ह्याच धंद्यात गेली, त्यातली नऊ कुवेतला. केरबा गवंडी. काटकुळा माणूस, डोक्यावर सिमेटानं राखाडी पडलेली टोपी, दाढंखाली तंबाखू, हातात थापी. बोलायला लागला की वाटावं, ह्येला अक्कल वाईच कमी हाय. पर गिलाव्याला हात लावला की भल्या भल्या इंजिनेरानं गप उभं राहून बघावं. त्येच्या भिंतीवर हात फिरवला तर चाळलेल्या पिठावरनं फिरवल्यासारखं वाटतंय. उगच कौतुक करत न्हाई. माजं घरबी त्येनंच केलंय.

त्येला दोन खोडी. पयली म्हंजे कुटल्याबी घरात गेला, लग्नाला जाऊ दे न्हाईतर मयताला, हात आदी भिंतीवर. "ही माजी," म्हणायचा. वीस वर्सांमागची आसली, वर चार रंग चढलेलं आसलं तरी वळखायचा. एकदा पेठेतल्या लग्नात भर पंगतीतनं उठला. पानात जिलेबी तशीच. मागल्या दारापशी गेला, भिंत बोटानं वाजवली आन् परत येऊन बसला. म्या म्हणलं, "आरं काय झालं?" तर म्हणतोय, "काय न्हाई गड्या, वाटलंच व्हतं माजी आसंल म्हणून. माजीच हाय." मंग जिलेबी खाल्ली.

दुसरी खोड म्हंजे दिसणारी जागा आन् न दिसणारी जागा त्येला सारखीच. पाण्याच्या टाकीमागं, जितं मांजरबी शिरत न्हाई, तितंबी ह्यो कड काढणार, स्पंज मारणार. "कोण बघतंय रं तितं?" म्या इचारायचो. "म्या बघितलंय न्हवं," एवढंच म्हणायचा. ही खोड ध्येनात ठिवा. म्होरं कामाला येणार हाय.

आन् शिडीचं सांगायचं राहिलं. बावीस वर्सं झाली आसतील. कोरेगावात एका दुकानात मी शिडीवर चढलो व्हतो, खालची फरशी ओली. शिडी सरकली आन् मी पाठीवर आपटलो. केरबानं मला पाठुंगळी मारून रस्त्यापतुर आणलं, टेंपो आडवला, सातारच्या दवाखान्यात न्हेलं. तीन आठवडे मी पलंगावर, आन् ह्यो खाली सतरंजीवर. घरी आल्यावर मला दम दिला, "ह्येच्या म्होरं मी धरल्याबगर शिडीवर पाय ठिवायचा न्हाई." माजी कुवेतची वर्सं सोडली तर आजवर त्येनं त्यो शब्द पाळला. काम कुणाचंबी आसू दे, मी शिडी उचलली की ह्यो हातातली थापी टाकून येणार आन् दोन्ही हातांनी शिडी धरणार. लोकं हसायची, म्हणायची, चांदभाईचं लगीन केरबासंगं झालंय. परवीन, माजी बायको, तीबी हसायची.

तर आता सुभेदाराच्या बंगल्याचं. सुभेदार लालासाहेब फौजेतनं रिटायर झालेले. गावाबाहेरच्या मैदानावर पोरापोरींना भरतीसाठी पळवत्यात. केरबाची पोरगी अंकिता तितंच जाती. पोरगी पळायला लय चिवट, पोलिसात जायचं म्हणती. सुभेदारांनी जुनं घर पाडून त्याच जागी दोन मजली बंगला काढला. गवंडी केरबा, वायरमन मी.

सुभेदारांचा ल्योक जयराज आयर्लंडात असतोय. तिकडं म्हणं घरात धूर झाला की बोंबलणारी यंत्रं प्रत्येक खोलीत लावायचा कायदाच हाय. त्येनं बापाला सांगितलं, आपल्या घरातबी पायजेत, आन् येताना सात यंत्रं घिऊन आला. सातारा जिल्ह्यात कुणाला ह्ये काम येत न्हाई म्हणला. म्या म्हणलं, मला येतंय. कुवेतला म्या चारशे फ्लॅटांत बसवलीत.

काम सोपं हाय, पर आदी करावं लागतंय. स्लॅब पडायच्या आदी, लोखंडावर पाइपा टाकतानाच. प्रत्येक यंत्राला तीन तारा. दोन करंटच्या आन् तिसरी निरोपाची. एका खोलीतल्या यंत्राला धूर लागला की ते तिसऱ्या तारंतनं बाकीच्यांना निरोप देतंय, आन् सातीच्या साती एकदम वरडत्यात. खाली झोपलेल्या माणसाला वरच्या खोलीतली आग कळावी म्हणून ही सगळी युगत. करंट गेला तर आत आडीनडीला सेल असतोय. तार तुटली आन् सेलबी काढला की ते यंत्र मुकं. स्वैपाकघरात म्या धुराचं न्हाई, उष्णतेचं बसवलं, न्हाईतर फोडणी टाकली की बोंब.

स्लॅबच्या दिवशी मी दिवसभर लोखंडावर उभा. घमेलीवाली माणसं कशीबी पाय टाकत्यात, पाइप दाबली की झालं वाटोळं. पर मला तोंड उघडावं लागलं न्हाई. केरबाच वरडत व्हता, "चांदूची पाइप दाबली तर तुजा पाय दाबीन." समदं रंगून झाल्यावर आमी तपासणी केली. म्या कागद पेटवून विझवला आन् जिन्यातल्या यंत्राखाली धरला. साती एकदम आसली किंचाळली की केरबाच्या हातनं थापी पडली आन् त्यो दारात जाऊन उभा राह्यला. "आरं ह्ये यंत्र हाय का सासू?" म्हणला. सुभेदार पोट धरून हसले. जयराजनं फोनवर सगळं बघितलं आन् म्हणला, "काका, आता मी तिकडं निवांत झोपेन." मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावात माणसं बघायला येत व्हती. चांदसाहेबाचं काम, आसं नाव झालं.

बंगल्याचा पोर्च आन् कंपाउंडची भिंत राह्यली व्हती, तवर सुभेदारांची लेक संयोगिता बाळंतपणाला आली. जुनं घर पाडलेलं, मंग वरच्या मजल्यावरच्या कडंच्या खोलीत तिला ठिवली. पोरगा झाला. आमच्याकडं बाळंतिणीचं सगळं साग्रसंगीत असतंय. बाजंखाली शेगडी, शेक, आन् सकाळ-संध्याकाळ वावडिंग, ओवा, लसणाच्या सालीची धुरी. वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराच्या फटीत चिंध्या. पयल्याच धुरीला साती यंत्रं बोंबलली. ल्येकरू दचकून रडायला लागलं, संयोगिता रडायला लागली, लीलाबाई म्हंजे सुभेदारीणबाई हातात धुपाटणं घिऊन खाली पळत आल्या.

सुभेदारांनी मला बोलावलं. "त्या खोलीतलं काढून टाक."

"आवं सुभेदार, सगळ्या घरात एकच खोली आसली हाय जितं बाजंखाली इस्तू असतोय," म्या म्हणलं. "तितलंच काढू? बाकीची सहाच्या सहा काढा म्हणला तर काढतो, ते न्हाई काढणार."

"घर कुणाचं आहे?"

"घर तुमचं. पर तार माजी हाय. त्यात ल्येकरू तान्हं."

त्येंच्या तोंडावर आसं बोललो, त्ये त्येंना झोंबलं. फौजी माणूस, न्हाई ऐकायची सवय न्हाई. म्या यंत्राला बसणारी प्लॅस्टिकची टोपी दिली. धुरीच्या टायमाला स्टुलावर चढून टोपी घालायची, धुरी झाली की काढायची. त्यांनी टोपी घेतली आन् खिशात टाकली.

चार दिवसांनी मी पोर्चच्या दिव्याचं बघायला गेलो. म्या इचारलं, "आता वरडतंय का?" सुभेदार म्हणले, "नाही. बायकांना टोपीची सवय झाली." मी खूश झालो. केरबा शेजारीच व्हता, कंपाउंडच्या भिंतीला माल कालवत. त्येनं मान वर केली न्हाई. म्या त्येला म्हणलं, "बगितलंस का, समजवून सांगितलं की माणूस ऐकतंय." त्यो "व्हय" म्हणला आन् मालात पाणी वतत राह्यला. मंग आमी दोघांनी एका डब्यातलं जेवाण खाल्लं. वांग्याची भाजी व्हती.

पंधरा दिवसांनी सकाळच्याला ते घडलं. धुरी दिऊन लीलाबाई खाली गेल्या. संयोगिताचा डोळा लागला व्हता. वाकळंचं टोक बाजंवरनं शेगडीत गेलं आन् आतल्या आत धुमसायला लागलं. दार बंद, फटीत चिंध्या, धूर बाहेर जातोय कुटं. खोकल्यानं पोरीला जाग आली तवा खोलीत काय दिसत नव्हतं म्हणं. वाकळ हातानं ओढून टाकली, ल्येकरू छातीशी धरलं, सरपटत दारापतुर गेली. दार उघडलं, धूर बाहेर आला आन् तवा जिन्यातल्यासकट बाकीची सहाच्या सहा यंत्रं एकदम वरडली. घरातली माणसं वर पळाली. पोरीचा हात कोपरापतुर भाजला. ल्येकराच्या छातीत धूर गेलेला. साताऱ्याला न्हेऊन सहा दिवस काचंच्या पेटीत ठिवलं.

वाचलं. अल्लाची मेहेरबानी.

पर त्या सहा दिवसांत गावात एकच बोलणं. ज्या खोलीत धूर झाला त्याच खोलीतलं यंत्र मुकं राह्यलं. चांदसाहेबाचं काम बोगस.

सातव्या दिवशी सुभेदारांनी मला बोलावलं. वरच्या खोलीत संयोगिताच्या सासरची दोन माणसं, गावातली चार जाणती माणसं, लीलाबाई, आन् फोनच्या पडद्यावर जयराज. संयोगिता हाताला पट्टी बांधून बाजंवर बसलेली.

"काका," जयराज म्हणला, "हेच एक का वाजलं नाही?"

"खोलून बघू," म्या म्हणलं. "शिडी आणा."

शिडी लावली आन् कुणी न बोलावता केरबा वर आला. खाली कंपाउंडवर काम करत व्हता, हात ओलेच. रोजच्यासारखी दोन्ही हातांनी शिडी धरली. मी चढलो. छत काळं पडलं व्हतं. यंत्र फिरवून काढलं, तर आत सेल न्हाई. मंग छताला चिकटलेल्या बूडपट्टीचे दोन स्क्रू काढले. त्येच्या मागं स्लॅबमदी माजा गोल डबा पायजे, आन् डब्यात तीन तारा. डबा न्हाई, तारा न्हाई. पांढरा शुभ्र सपाट गोल. तारा तोडून आत दाबून वर पांढरं सिमेट भरलेलं.

म्या त्येच्यावरनं आंगठा फिरवला. चाळलेल्या पिठावानी मऊ.

वायरमननं तोडल्या आसत्या तर टोकांना टेप मारली आसती, गुंडाळून डब्यात कोंबल्या आसत्या. भोक दिसलं की बुजवायचं, ह्ये गवंड्याचं डोकं. आन् बुजवल्यावर, वरनं यंत्र बसणार, कुणाच्या बापाला दिसणार न्हाई ह्ये ठावं आसूनबी कड काढून स्पंज मारायचा, ह्ये आख्ख्या कोरेगाव तालुक्यात एकाच माणसाचं डोकं. रागबी आला न्हाई आदी. वाटलं, माजंच काईतरी चुकतंय. परत आंगठा फिरवला.

खाली बघितलं. त्येची टोपी दिसली. त्येनं वर बघितलं न्हाई. शिडी मात्र आशी आवळून धरली व्हती की नखं पांढरी पडली व्हती.

"केरबा," म्या म्हणलं, "ह्ये फिनिशिंग कुणाचं रं?"

मला अजून वाटत व्हतं, त्यो सांगणार. त्येला शरम वाटंल, रडंल, पर सांगंल. जी भिंत त्येनं केली ती त्येनं आजवर कवा नाकारली न्हाई. वाकडी झालेलीबी न्हाई. एकदा एक भिंत फुगली तवा भर चौकात म्हणला व्हता, "माजीच हाय, उद्या पाडून बांधतो."

"मला काय ठावं," केरबा शिडीच्या पायरीकडं बघत म्हणला. "वायरमनची कामं वायरमनला ठावं."

आसं म्हणला.

मंग माजा तोल सुटला. शिडीवरनंच म्या सुभेदारांना इचारलं, "धुरीच्या टायमाला ह्ये काढ म्हणून मला कोण म्हणलं व्हतं? सांगा ह्या माणसांना."

सुभेदारांचा चेहरा वाईच उतरला, पर फौजी माणूस, सावरला. "मी म्हणालो, आणि तू नाही म्हणालास. चार दिवसांनी मीच तुला सांगितलं, आता ओरडत नाही. तेव्हा तू तपासलंस का? तार कमी पडली असेल, तूच बुजवलं असशील."

ते आयतं माज्याच गळ्यात आलं. खरं म्हंजे माजं एवढं चुकलंच. त्या दिवशी वर जाऊन म्या कागद पेटवून धरायला पायजे व्हता. धरला न्हाई, कारण शेजारी केरबा उभा व्हता आन् त्येनं "व्हय" म्हणलं व्हतं. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला आन् खोलीतनं निघून गेल्या. बाईला ठावं व्हतं. संयोगितानं माज्याकडं एकदा बघितलं आन् तोंड भिंतीकडं फिरवलं. तिच्याच ल्येकरासाठी मी तिच्या बापाशी भांडलो व्हतो. जयराज म्हणला, "काका, तुमच्यावर एवढा विश्वास टाकला होता."

मी उतरायला लागलो. मनात आलं, ह्येनं आता शिडी सोडावी. पडलो तर पडलो. त्येनं सोडली न्हाई. माजा दुसरा पाय जमिनीला लागस्तवर धरून राह्यला.

त्याला आता चार म्हैनं झालं. गावातली ठरलेली दोन कामं गेली. एक म्हणला, "अजून ठरलं न्हाई," आन् दुसऱ्या दिवशी त्येच्या घरात दुसरा वायरमन पाइपा टाकत व्हता. मशिदीतबी लोक इचारत्यात, "ल्येकरू बरं हाय न्हवं त्ये?" जणू म्या जाळलं. म्या खरं सांगितलं चारचौघांत. पर ज्येच्या हातचं त्योच न्हाई म्हणतोय म्हणल्यावर माजं कोण ऐकतंय? आता मी सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला जातो, दुसऱ्या वायरमनच्या हाताखाली. तितं माजं नाव कुणाला ठावं न्हाई, तेवढंच बरं. तीस वर्सांत कमावलेलं नाव, ज्याला एक ओरखडा न्हाई, ते एका वाक्यात गेलं. परक्यानं घालवलं आसतं तर कोर्टात गेलो आसतो. आपलेच दात आन् आपलेच ओठ.

गेल्या रविवारी सकाळी केरबा घरी आला. चार म्हैन्यांत पयल्यांदा. हातात पेढ्याचा पुडा. परवीननं पाणी दिलं आन् आत गेली. आसं करणाऱ्या दुसऱ्या कुणाला तिनं पाणीबी दिलं नसतं.

"अंकिता पळण्यात पास झाली," त्यो म्हणला. "लेखीबी निघाली. मेडिकल राह्यलंय."

"चांगलं झालं," म्या म्हणलं. पोरीचा काय दोष.

बस म्हणलं न्हाई, म्हणून त्यो उभाच. आन् उभ्या उभ्या सवयीनं त्येचा हात भिंतीवर गेला. माज्या भिंतीवर. मी कुवेतला व्हतो तवा त्येनं केलेली. गिलाव्याच्या दिवसांत त्यो आमच्या दारातनं हलला न्हाई, आसं परवीन सांगायची. उन्हात भिंतीवर पोती टाकून ताशी पाणी मारायचा.

"अकरा वर्सं झाली," त्यो म्हणला. "एक चीर न्हाई गेली, चांदू."

"कुणाचं काम हाय ह्ये?" म्या इचारलं.

त्येनं माज्याकडं बघितलं. समजला. हात भिंतीवरनं काढला न्हाई.

"माजं."

"आन् सुभेदाराच्या छतातलं?"

बाहेर एक सायकल गेली.

"तेबी माजं," केरबा म्हणला. मंग एकदम बोलायला लागला. सुभेदार म्हणले, घर माजं, जबाबदारी माजी, तू फक्त तारा तोडून बुजव, वर यंत्र तसंच लाव. पोरगी त्येंच्या मैदानावर, भरती तोंडावर, न्हाई म्हणायला जीभ उचलली न्हाई. वाटलं, सव्वा म्हैना झाला की खोलून परत जोडू, चांदूला सांगू. आन् त्या दिवशी सगळ्यांत सुभेदारांनी नुसतं एकदा त्येच्याकडं बघितलं. "मी काय करू रं, माजी एकच पोरगी हाय."

"चार लोकांत सांगशील?" म्या इचारलं. "आज चल. आत्ता. पायात चप्पल घालतो."

त्येनं पेढ्याच्या पुड्याकडं बघितलं. "मेडिकल होऊ दे," म्हणला. "मंग सांगतो. तुज्या गळ्याची आण."

मला हसू आलं. गळा माजाच, आन् आणबी माज्याच गळ्याची. म्या म्हणलं, "केरबा, ज्या दिवशी बोलायचं व्हतं त्या दिवशी तू शिडी धरून गप राह्यलास. हितं माज्या घरात, दोन माणसांत, माजं म्हणून काय उपेग? जा आता."

त्यो गेला. पुडा तसाच ठिवून गेला. परवीन म्हणली, टाकून देऊ का? म्या म्हणलं, पोरीचा हाय, ठिव.

सोमवारी साताऱ्याला कामावर गेलो. पयल्या मजल्यावर पंखे टांगायचे व्हते. शिडी लावली, पाय ठिवला आन् थांबलो. बावीस वर्सांची सवय. खाली बघितलं, कुणी नव्हतं. मंग खिशातनं दोरी काढली आन् शिडी खिडकीच्या गजाला बांधली. आता रोज बांधतो.